सोयाबीन तेलापासून इपॉक्सी प्लास्टिसायझर आणि पॉलिओल : प्रकल्प नोंदी

८ जानेवारी : आखणी

लवचिक पीव्हीसीत थॅलेट प्लास्टिसायझर (प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ) लागतं, फोमसाठी पॉलिओल (अनेक हायड्रॉक्सिल, म्हणजे OH गट असलेला रेणू) लागतं. दोन्ही पेट्रोलियममधून येतात. वनस्पती तेलाच्या दुहेरी बंधांवर ऑक्सिजन बसवून (दोन कार्बन आणि एक ऑक्सिजन यांची इपॉक्सी कडी बनवून) इपॉक्सी तेल केलं, तर पहिल्याची काही जागा ते स्वतःच घेतं आणि पुढे त्याची कडी उघडून दुसरं करता येतं. मधला माल एक, वापर दोन.

तेल निवडताना भाव सोडून फक्त आयोडीन मूल्य (१०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन धरतं) पाहिलं. दुहेरी बंध किती आहेत यावरच ऑक्सिरेन ऑक्सिजनची (इपॉक्सी कड्यांतल्या ऑक्सिजनची वजनी टक्केवारी) कमाल मर्यादा ठरते. पाम तेल (आयोडीन मूल्य ५२ च्या आसपास) पूर्ण इपॉक्सी केलं तरी ३.२ टक्क्यांपुढे जात नाही. सोयाबीन १३० धरलं तर ७.५७. जवस १८० धरलं तर १०.२, पण जवसाच्या इपॉक्सीला कडक, जाळीदार माल करायला वापरणंच बरं. एरंडेलात बहुतेक साखळ्यांवर आधीच हायड्रॉक्सिल असतो, त्यामुळे त्याला पॉलिओल व्हायला इपॉक्सीचा वळसा लागत नाही. सोयाबीन तेल ठरलं, तेही रिफाइंड. तळणीचं वापरलेलं तेल घेतलं नाही. त्यात आधीच जोडले गेलेले जड रेणू आणि सुटी मेदाम्लं असतात, आणि धुताना ती पुरेपूर छळतात.

कमाल ऑक्सिरेन काढायची रीत : आयोडीन मूल्याला २५३.८ ने भागायचं, म्हणजे १०० ग्रॅम तेलातले दुहेरी बंध मोलमध्ये मिळतात. त्याला १६ ने गुणलं की चढणारा ऑक्सिजन ग्रॅममध्ये. तो आकडा (१०० + तोच आकडा) ने भागून १०० ने गुणायचा. १०० मध्ये चढलेला ऑक्सिजन मिळवायचा विसर पडला की मर्यादा अर्ध्या टक्क्याहून जास्त फुगते आणि मग बॅच उगाच वाईट दिसते.

या नोंदींत तापमान सगळीकडे सेल्सिअसमध्ये.

१० जानेवारी : कच्च्या मालाची तपासणी

आयोडीन मूल्य वाइस पद्धतीने. नमुना ०.२५ ग्रॅम, वाइस द्रावण २५ मिली, १ तास अंधारात, मग पोटॅशियम आयोडाइड आणि थायोसल्फेट. ब्लँक (तेल न घालता केलेली तीच चाचणी) आणि नमुना यांत २५.२ मिलीचा फरक, म्हणजे मूल्य १२८. कमाल ऑक्सिरेन ७.४७ टक्के. आम्ल मूल्य (१ ग्रॅम तेलातलं आम्ल उदासीन करायला लागणारं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) ०.२.

हायड्रोजन पेरॉक्साइडच्या बाटलीवर '३० टक्के' छापलेलं. परमँगनेटने तपासलं : १ ग्रॅम घेऊन २५० मिली केलं, त्यातल्या २५ मिलीला ०.१ नॉर्मल परमँगनेट १६.०५ मिली लागलं. म्हणजे वजनाच्या हिशोबात २७.३ टक्के. बाटली खोटी नव्हती. तिच्यावरचे ३० टक्के १०० मिलीत ३० ग्रॅम या अर्थाचे होते. वजनाने घालणाऱ्याने हा फरक पाहिला नाही, तर पेरॉक्साइड जवळपास दहा टक्के कमी पडतं. शिवाय उघडलेली बाटली ठेवणीत उतरत जाते ते वेगळंच. दर बॅचआधी तपासणी करायची असं ठरलं.

५०० ग्रॅम तेलाचा हिशोब : दुहेरी बंध २.५२ मोल. बंध : ॲसेटिक आम्ल : पेरॉक्साइड हे प्रमाण १ : ०.५ : १.५. त्यानुसार ग्लेशियल ॲसेटिक आम्ल ७६ ग्रॅम, शुद्ध पेरॉक्साइड १२८.७ ग्रॅम, म्हणजे आपल्या बाटलीतलं ४७१ ग्रॅम. ॲसेटिक आम्ल अर्ध्या मोलवर भागतं कारण ते खर्ची पडत नाही. पेरॉक्साइडकडून ऑक्सिजन घेऊन ते पेरॲसेटिक होतं, तेलाला ऑक्सिजन देऊन पुन्हा ॲसेटिक होतं आणि परत फेरी सुरू. हमालच म्हणा.

१२ जानेवारी : बॅच १, गंधकाम्लावर

दोन लिटरचा चार तोंडी फ्लास्क : मधे वरून चालणारी ढवळणी, बाकीच्या तोंडांत थर्मामीटर, कंडेन्सर, थेंब-फनेल. कंडेन्सरचं वरचं तोंड उघडं. पेरॉक्साइड असलेलं काहीही बंद भांड्यात ठेवायचं नाही, हा नियम शेवटपर्यंत. लोखंडी किंवा तांब्याचा चमचा जवळपास नको, त्यांच्या कणांनी पेरॉक्साइड फुटतं. काचसामान ॲसिटोनने धुवायचं नाही : आम्ल, पेरॉक्साइड आणि ॲसिटोन एकत्र आले की स्फोटक पेरॉक्साइड बनतं. ॲसिटोनची वॉश-बाटली या टेबलावरून उचलून दुसऱ्या खोलीत ठेवली.

पेरआम्लाने (पेरॲसेटिकसारख्या जादा ऑक्सिजनच्या आम्लाने) दुहेरी बंधावर ऑक्सिजन बसवण्याची अभिक्रिया रशियन रसायनज्ञ प्रिलेझाएव यांनी १९०९ साली दाखवली. मूळ रसायन तेच आहे. आजही डोकं खातात ती उष्णता, ढवळणं आणि धुणं.

उष्णतेचा अंदाज आधीच काढून ठेवला. एका मोल दुहेरी बंधामागे सुमारे २३० किलोज्यूल, म्हणजे या बॅचला एकूण ५८० च्या घरात. फ्लास्कमधला माल सव्वा किलोच्या आत, त्याची उष्णता धारण करण्याची ताकद अंशामागे साधारण २.९ किलोज्यूल. सगळी उष्णता आत अडकली तर तापमान २०० अंशांनी चढेल. म्हणून पेरॉक्साइड थेंबाथेंबाने, आणि बर्फाचं पाणी हाताशी.

तेल आणि ॲसेटिक आम्ल फ्लास्कमध्ये, गंधकाम्ल ४.१ ग्रॅम (ॲसेटिक आणि शुद्ध पेरॉक्साइडच्या बेरजेच्या २ टक्के), ६० अंशांवर पेरॉक्साइड सुरू. पहिली २० मिनिटं तापमान जागचं हललं नाही, म्हणून थेंबांचा वेग वाढवला. चूक इथेच झाली. सुरुवातीला पेरआम्ल तयार व्हायला वेळ लागतो, तोवर पेरॉक्साइड नुसतं साठत असतं. ३५ व्या मिनिटाला पारा ६३ वरून ७८ वर गेला, फेस कंडेन्सरच्या तळापर्यंत. थेंब बंद करून बर्फ लावला. ६० वर यायला १२ मिनिटं लागली. तापमान स्थिर दिसतं म्हणजे काही होत नाही असं धरायचं नाही, उलट तीच वेळ हात आवरायची.

दर नमुना १० मिली. कोमट पाण्याने तीनदा धुऊन, सेंट्रिफ्यूज करून, निर्जल सोडियम सल्फेटवर सुकवला.

१ तास : आयोडीन मूल्य ८८, ऑक्सिरेन २.०
३ तास : ४१, ऑक्सिरेन ४.२
५ तास : १४, ऑक्सिरेन ४.९
७ तास : ४.६, ऑक्सिरेन ४.४

या चार ओळींत प्रकल्पाची सगळी मेख आहे. नुसतं आयोडीन मूल्य पाहिलं तर बॅच झकास : ९६ टक्के दुहेरी बंध गेले. पण गेले ते कुठे? सगळे इपॉक्सी झाले असते तर ऑक्सिरेन ७.२ दिसायला हवं होतं, आहे ४.४. पाचव्या तासानंतर तर कड्या बनण्यापेक्षा फुटण्याचा वेग जास्त झाला. ज्या आम्लाने पेरआम्ल बनतं तेच आम्ल बनलेली कडी उघडतं; तिच्यावर पाणी किंवा ॲसेटिक आम्ल चढतं आणि हायड्रॉक्सिल उरतो. इन्फ्रारेडमध्ये (आकडे प्रति सेंमी) ३०१० चा दुहेरी बंधाचा पट्टा गेलेला, ८२० ते ८४५ मधला इपॉक्सीचा आलेला, आणि ३४५० जवळ हायड्रॉक्सिलचा न मागितलेला रुंद फुगा.

१३ जानेवारी : बॅच १ धुणं

पाण्याचा थर उतरवला, कोमट पाण्याने पहिली धुलाई केली आणि फनेलमध्ये मधोमध तीन बोटं जाडीचा सायीसारखा थर बसला. चार तास हलला नाही.

कारण घनतेत आहे. तेलाची घनता ०.९२, तेव्हा पाण्यापासून ते झटकन सुटतं. इपॉक्सी झालेल्या तेलाची ०.९९ च्या आसपास. साध्या पाण्यात आणि त्यात उरलेला फरक नगण्य, वर फुटलेल्या कड्यांचे हायड्रॉक्सिल साबणासारखे दोन्हीकडे धरून बसतात. ५ टक्के मिठाचं पाणी ५५ अंशांवर करून घातलं, फनेल न हलवता नुसतं तीनदा उलटं केलं. पाऊण तासात थर फुटला. पुढे पहिल्या धुलाईपासूनच मिठाचं पाणी.

बॅच १ टाकली नाही. वाईट ऑक्सिरेनचा माल पीव्हीसीत काय करतो ते बघायला उपयोगी पडेल. लेबल : ४.४.

१९ जानेवारी : उत्प्रेरक बदलला

गंधकाम्लाऐवजी सल्फोनिक आम्लाचं कॅटायन-विनिमय रेझिन, जेल जातीचं, अँबरलाइट आयआर-१२०. कल्पना साधी आहे. आम्लाच्या जागा मण्याच्या आत असतात. ॲसेटिक आम्ल आणि पेरॉक्साइडचे लहान रेणू आत शिरतात, पेरआम्ल होऊन बाहेर येतात. तेलाचा रेणू ८७० च्या वर रेणुभाराचा, त्याला त्या जाळीत सहज शिरता येत नाही. त्यामुळे बनलेली कडी आम्लाच्या तावडीत कमी सापडते. पाण्यातल्या ॲसेटिक आम्लाने थोडं नुकसान होतंच, पण ते दुबळं आम्ल.

रेझिनची तयारी : रात्रभर पाण्यात फुगवणं, १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लाने दोनदा, मग धुतलेलं पाणी लिटमसला उदासीन येईपर्यंत धुणं, व्हॅक्यूम फनेलवर ओढून ओलसर ठेवणं. सोडियम रूपातलं रेझिन तसंच घातलं तर ते काही करत नाही. डबा उघडून थेट वापरण्याआधी रूप कोणतं ते वाचावं.

५० ग्रॅमची चाचणी चुंबकीय ढवळणीवर केली. तासाभरात द्रव गढूळ : चुंबकाची कांडी मणी तळाशी दळत होती. मण्यांचा भुगा गाळणीतून जातो, मालात राहतो आणि सुकवताना गरम झाला की कडी फोडत बसतो, म्हणजे ज्यासाठी रेझिन आणलं तेच वाया. मोठ्या बॅचला वरून चालणारी, टेफ्लॉनची अर्धचंद्र पात, तळापासून १ सेंमी वर. वेग इतकाच की मणी तळ सोडतील.

२२ जानेवारी : बॅच २, रेझिनवर

तेल ५००, ॲसेटिक ७६, रेझिन ३३ ग्रॅम (ॲसेटिक आणि शुद्ध पेरॉक्साइडच्या १६ टक्के, कोरड्या वजनावर). पेरॉक्साइड ४७१ ग्रॅम अडीच तासांत, पहिल्या तासात एक चतुर्थांशच. तापमान ६० धरायचं, ६४ च्या वर गेलं की थेंब बंद. एकदाच बंद करावं लागलं.

वेळ पहिल्या थेंबापासून :

२ तास : आयोडीन मूल्य ९३, ऑक्सिरेन १.९
४ तास : ४६, ऑक्सिरेन ४.४
६ तास : १७, ऑक्सिरेन ५.९
८ तास : ५.१, ऑक्सिरेन ६.३
९ तास : ३.८, ऑक्सिरेन ६.३

आठव्या तासाला थांबवण्यात शहाणपण होतं. शेवटच्या तासात आयोडीन मूल्य १.३ ने उतरलं पण ऑक्सिरेन जागचं हललं नाही, म्हणजे जितकं नवं झालं तितकं जुनं फुटलं. कमाल मर्यादेच्या ८४ टक्के ऑक्सिरेन मिळालं. बाजारातला इपॉक्सी सोयाबीन प्लास्टिसायझर साधारण ६.६ ते ७ चा असतो, म्हणजे अजून अंतर आहे.

आयोडीन मूल्य ५ च्या आसपास उतरलं की नमुना ०.२५ ग्रॅम घेऊन चालत नाही, ब्लँकपासूनचा फरक १ मिलीवर येतो आणि थेंबाचीच चूक ५ टक्के होते. अशा वेळी २.५ ग्रॅम घ्यायचा.

२३ जानेवारी : बॅच २ धुणं आणि सुकवणं

गरम असतानाच विणलेल्या टेफ्लॉन जाळीतून रेझिन वेगळं. पाण्याचा थर उतरवला. त्यात ८-९ टक्के पेरॉक्साइड अजून आहे, त्यामुळे तो सिंकमध्ये किंवा झाकणबंद कॅनमध्ये नाही. सोडियम बायसल्फाइटचं द्रावण थोडंथोडं, बर्फात, स्टार्च-आयोडाइड पट्टी निळी व्हायची थांबेपर्यंत. मग सोड्याने उदासीन.

तेलाचा थर : ५५ अंशांचं ५ टक्के मीठपाणी ३०० मिली, दोनदा. मग २ टक्के सोडियम बायकार्बोनेट २०० मिली एकदा, फनेलची तोटी दर उलटीला उघडून वायू सोडत. मग पुन्हा मीठपाणी दोनदा, शेवटी साधं पाणी १०० मिली, न घुसळता. स्टार्च-आयोडाइड पट्टी पांढरी राहिल्यावरच पुढे. पेरॉक्साइड उरलेला माल व्हॅक्यूममध्ये तापवायचा नाही.

रोटाव्हेपरवर ७० अंश, दीड तास. पहिल्या २० मिनिटांत फेस उसळतो, व्हॅक्यूम हळूहळू वाढवावा. शेवटी माल पारदर्शक, फिकट पिवळा, मधाहून पातळ. ४९८ ग्रॅम, पूर्ण इपॉक्सी धरल्यास ५४० व्हायला हवं होतं. तूट बहुतेक फनेलच्या काचेवर आणि मधल्या थरांत. आम्ल मूल्य ०.४२.

२७ जानेवारी : टायट्रेशनचा घोळ

बॅच २ चं ऑक्सिरेन आज ५.९ आलं. पाच दिवसांत ०.४ टक्के गेलं असं वाटून आधी साठवणीवर संशय. खरा दोष अभिकर्मकात निघाला.

पद्धत : नमुना ०.३ ग्रॅम, ग्लेशियल ॲसेटिक आम्लात विरघळवून, क्रिस्टल व्हायोलेट, ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल हायड्रोजन ब्रोमाइड (ॲसेटिक आम्लातच). निळसर हिरवा रंग ३० सेकंद टिकला की शेवट. ऑक्सिरेन टक्के = मिली × नॉर्मॅलिटी × १.६ ÷ ग्रॅम. ६.३ टक्क्यांच्या मालाला जवळपास १२ मिली लागतं.

हायड्रोजन ब्रोमाइड बाटली उघडली की उडतं, त्यामुळे रोज द्रावण उतरतं. ते उतरलं आणि आपण जुनीच नॉर्मॅलिटी घातली तर ऑक्सिरेन वास्तवापेक्षा जास्त येतं. इथे उलटं झालं होतं, म्हणून शोध लांबला. आजच्या आकड्यात कालच नव्याने काढलेली नॉर्मॅलिटी घातली होती, ०.०९३६, तीच बरोबर. २२ तारखेचे आकडे मात्र त्याआधीच्या आठवड्यातल्या ०.१००० वर काढलेले होते. २२ ला द्रावण नक्की किती होतं हे आता कळायला मार्ग नाही. बॅच २ चा राखून ठेवलेला, न धुतलेला ८ तासांचा नमुना ताजा धुऊन आज मोजला : ५.९. म्हणजे ६.३ हा आकडा कधी नव्हताच. वरच्या तक्त्यातले ऑक्सिरेनचे आकडे ६ ते ७ टक्क्यांनी फुगलेले समजावेत. कल बरोबर आहे, उंची नाही. बॅच १ चेही तसेच : त्यातला ४.४ आज ४.१ भरला.

यापुढे रोज सकाळी प्रमाणीकरण, पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने. (थॅलेट हटवण्याच्या प्रकल्पात माप थॅलेटचंच.) खोलीचं तापमानही लिहायचं : ॲसेटिक आम्ल दर अंशाला ०.१ टक्क्याने फुगतं, सकाळ-दुपारच्या ८ अंशांत जवळपास एक टक्का चूक तिथेच. नमुन्यात पेरॉक्साइड उरलं तर ब्रोमीन सुटून तो पिवळट होतो आणि आकडा फसवा येतो. असा नमुना मोजायचाच नाही, परत धुवायचा.

३१ जानेवारी : बॅच ३

५.९ वरून वर कसं जायचं? १०० ग्रॅमच्या तीन चाचण्या, ५५, ६० आणि ७५ अंशांवर, बाकी सगळं तेच. ७५ ला ४ तासांत ५.५ पर्यंत धाव आणि मग उतार. ५५ ला ११ तास लागले पण ६.४. फॉर्मिक आम्लाचीही एक छोटी चाचणी केली, ५० ग्रॅमवर : त्याला उत्प्रेरक लागत नाही, ते स्वतःच पुरेसं तीव्र. वेगवान आहे, पण उष्णता एकदम येते आणि परफॉर्मिक आम्ल साठायला धोक्याचं. मोठ्या भांड्यात थंडाईची चांगली सोय असल्याशिवाय तो रस्ता नको.

मोठी बॅच ३ : ५८ अंश, पेरॉक्साइड ४ तासांत, एकूण १० तास. पेरॉक्साइड हळू घातल्याचा फायदा दुहेरी. तापमान उडी मारत नाही आणि पाण्याचा थर सुरुवातीला लहान राहतो. आयोडीन मूल्य ४.२, ऑक्सिरेन ६.५, आम्ल मूल्य ०.३८. ८७ टक्के. पुढचं सगळं काम या मालावर.

५ फेब्रुवारी : पीव्हीसीचे पापुद्रे

सस्पेन्शन पीव्हीसी (के-मूल्य, म्हणजे साखळीच्या लांबीचं माप, ६७) १०० भाग, प्लास्टिसायझर एकूण ५० भाग, कॅल्शियम-झिंक स्टॅबिलायझर २, स्टिअरिक आम्ल ०.३. दोन रोलांच्या मिलवर १६५ अंश, ७ मिनिटं, मग प्रेस १७० अंश. चार मिश्रणं :

क : डायऑक्टिल थॅलेट ५०
ख : थॅलेट ३५, बॅच ३ चं १५
ग : बॅच ३ चं ५०
घ : बॅच १ चं ५०

रोलवर ख सगळ्यात सरळ चाललं. ग ला पट्टा धरायला दीड मिनिट जास्त : मोठा रेणू, पीव्हीसीच्या कणांत हळू मुरतो. घ रोलला चिकटत राहिलं. शोअर ए कठीणपणा दुसऱ्या दिवशी : क ८१, ख ८१, ग ८४, घ ८८.

१२ फेब्रुवारी : उष्णता आणि घाम

१८० अंशांच्या ओव्हनमध्ये पट्ट्या, दर १० मिनिटांनी एक बाहेर. क ३० व्या मिनिटाला पिवळी, ६० ला तपकिरी. ख ५० पर्यंत जवळपास रंग न बदलता, ९० ला तपकिरी. तापल्यावर पीव्हीसीतून हायड्रोजन क्लोराइड सुटतं आणि तेच पुढच्या विघटनाला चालना देतं. इपॉक्सीची कडी त्याला धरून स्वतः उघडते. म्हणजे हे प्लास्टिसायझर अर्धं स्टॅबिलायझर आहे. स्टॅबिलायझर म्हणून २ ते ५ भाग घालायची पद्धत जुनीच आहे.

घामाची चाचणी (प्लास्टिसायझर बाहेर झिरपतो का ते पाहायला) : पट्टी दुमडून टिपकागदात, ६० अंश, ७ दिवस. क आणि ख चा कागद कोरडा. ग चा किंचित डागाळलेला. घ चा कागद तेलकट पारदर्शक, पट्टी हाताला बुळबुळीत. ऑक्सिरेन कमी म्हणजे ध्रुवीय जागा कमी आणि हायड्रॉक्सिल जास्त. पीव्हीसी त्याला आत ठेवून घेत नाही. उरलेल्या दुहेरी बंधांचाही हाच त्रास, उजेडात ते चिकट होऊन वर येतात. चांगल्या मालानेही ५० च्या ५० भाग थॅलेट हटत नाही. या चाचण्यांवरून १५ भाग निर्धास्त, २०-२५ तपासून.

आणि पापुद्र्यावर 'जैविक प्लास्टिक' लिहू नये. पीव्हीसीच्या वजनात सुमारे ५७ टक्के क्लोरीन, उरलेला भाग सहसा पेट्रोलियमचा. आपण बदललं ते फक्त प्लास्टिसायझरमधलं कार्बन. ॲसेटिक आम्ल बहुतेक मिथेनॉलवरून येतं, पेरॉक्साइडचा हायड्रोजन बहुतेक नैसर्गिक वायूतून. ते मालात राहत नाहीत, पण हिशोबात धरावे लागतात.

१७ फेब्रुवारी : पॉलिओल, पहिला घाट

इतके दिवस जी कडी वाचवली ती आता मुद्दाम फोडायची, पण आपल्या मर्जीच्या रेणूने : मिथेनॉलने. एका कार्बनवर मिथॉक्सी, शेजारी हायड्रॉक्सिल.

बॅच ३ चं २०० ग्रॅम, म्हणजे ०.८१ मोल इपॉक्सी. मिथेनॉल दहापट, २६० ग्रॅम. पॅरा-टोल्युइन सल्फोनिक आम्ल २ ग्रॅम. सगळं एकत्र घेऊन तापवलं, ६५ अंश, रिफ्लक्स. दोन तासांत ऑक्सिरेन ०.१. मिथेनॉल ऊर्ध्वपातित केलं, मग धुतलं. हायड्रॉक्सिल मूल्य (१ ग्रॅम मालातल्या हायड्रॉक्सिलांइतकं पोटॅशियम हायड्रॉक्साइड, मिलिग्रॅममध्ये) १६३, माल दाट.

अपेक्षा : १०० ग्रॅममध्ये ०.४०६ मोल इपॉक्सी, मिथेनॉल चढून वजन ११३, मूल्य २०२. तूट बरीच. दोन चुका. आम्ल उदासीन न करता मिथेनॉल काढलं; मिथेनॉल जसजसं गेलं तसतसं आम्ल एकाग्र होत गेलं आणि तेलाचेच रेणू एकमेकांना जोडले. दुसरी, सुरुवातीला थंड मिश्रण हळूहळू तापलं आणि नुकता बनलेला हायड्रॉक्सिल शेजारच्या कडीवर चढला. ईथर बनलं, एक हायड्रॉक्सिल गेला, रेणू दुप्पट झाला.

१९ फेब्रुवारी : पॉलिओल, दुसरा घाट

मिथेनॉल आणि आम्ल आधी उकळीवर आणलं, मग इपॉक्सी तेल अर्ध्या तासात थेंबाथेंबाने, म्हणजे प्रत्येक कडीभोवती मिथेनॉलचीच गर्दी. दीड तास. मग गरम असतानाच सोडियम बायकार्बोनेट २ ग्रॅम, १५ मिनिटं, गाळणं, आणि नंतरच मिथेनॉल काढणं. मिथेनॉलची वाफ विषारी आणि ज्वालाग्राही, सगळं फ्युमहूडमध्ये, गरम करायला उघडी ज्योत नाही. हायड्रॉक्सिल मूल्य १८४, दाटपणाही कमी.

हायड्रॉक्सिल मोजताना (ॲसेटिक अनहायड्राइड-पिरिडीन) आधी ऑक्सिरेन शून्याजवळ आहे याची खात्री करावी. उरलेली कडीही अनहायड्राइड खाते आणि कच्चा पॉलिओल पिकलेला दिसतो. सुकवलेल्या मालात पाणी ०.०८ टक्के. ०.३ टक्के राहिलं असतं तर तेवढ्याने १०० ग्रॅममागे साडेचार ग्रॅम आयसोसायनेट (पॉलिओलशी जोडला जाऊन फोम बनवणारा दुसरा घटक) खाल्लं असतं.

२४ फेब्रुवारी : कपातला फोम

कप १ : पॉलिओल २० ग्रॅम, पाणी ०.४, सिलिकॉन सर्फॅक्टंट ०.४, अमाइन उत्प्रेरक ०.३, पॉलिमेरिक एमडीआय (हेच ते आयसोसायनेट, त्याचे गट ३१ टक्के) १६.४ ग्रॅम, निर्देशांक ११० (हिशोबापेक्षा १० टक्के जास्त आयसोसायनेट). फोम चढला, काठापर्यंत आला आणि बसला. या पॉलिओलचे हायड्रॉक्सिल साखळीच्या मधे आहेत, दुय्यम. पाणी-आयसोसायनेटचा वायू भराभर सुटतो आणि भिंती घट्ट व्हायच्या आत बुडबुडे फुटतात. फुगवणारा अमाइन कमी करून घट्ट करणारा टिन उत्प्रेरक ०.०२ ग्रॅम घातला. मग उभा राहिला, पण दाबला तर मऊ. पामिटिक, स्टिअरिक साखळ्यांवर हायड्रॉक्सिल नसतो आणि इतर साखळ्यांची शेपटंही मोकळी लोंबतात. तीच आत प्लास्टिसायझरचं काम करतात.

कप २ : पॉलिओल १८, ग्लिसरॉल २ ग्रॅम, एमडीआय २५.१, बाकी कप १ सारखंच, टिनसकट. फोम टणक, पेशी बारीक, आकुंचन नाही.

पण वजनं मांडली की गंमत कळते. कप १ मध्ये वनस्पतीचा वाटा (पॉलिओलमधलं मिथेनॉल वजा करून) ४८ टक्के. कप २ मध्ये ग्लिसरॉल वनस्पतीचं धरूनही ४० च्या आत, कारण ग्लिसरॉलने स्वतःबरोबर साडेनऊ ग्रॅमच्यावर एमडीआय मागून घेतलं. फोम सुधारला, वाटा घसरला. पॉलिओल बदलून आयसोसायनेट सुटत नाही.

२ मार्च : रेझिन आणि साठवण

बॅच २ चं रेझिन धुऊन बॅच ३ ला वापरलं होतं. तिसऱ्यांदा १०० ग्रॅमवर चालवलं : १० तासांत ऑक्सिरेन ६.५ ऐवजी ५.६, आयोडीन मूल्य १६. मण्यांवर तेलाचा लेप. इथेनॉलने धुऊन, आम्लाने पुन्हा जागवून ६.१ पर्यंत आलं. चौथ्या फेरीला नवं रेझिन.

बॅच ३ ची बाटली, अंधारात, महिनाभरानंतर : ऑक्सिरेन ६.५, आम्ल मूल्य ०.४१. बॅच १ ची बाटली त्याच कपाटात : ऑक्सिरेन ४.१ वरून ३.६, आम्ल मूल्य १.९. तिच्यात गंधकाम्लाचा अंश धुण्यातून राहून गेला असणार. थंडीत दोन्ही बाटल्या गढूळ होतात. ४० अंशांवर अर्धा तास ठेवल्या की निवळतात. नमुना त्यानंतर, हलवून घ्यावा, नाहीतर वरचाच पातळ भाग मोजला जातो.

बॅच ४ साठी : ५८ अंश, नवं रेझिन ३३ ग्रॅम, पेरॉक्साइड पुन्हा तपासून, सातव्या तासाला पाण्याचा थर बदलून पाहायचा.